खीर ढवळणाऱ्या ताईलाही वंदनेला बसू द्या



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की आपल्या वस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ते चालते. गेल्या वर्षावासात एका पौर्णिमेला मी बीपीचे यंत्र घेऊन धुळ्यातल्या एका वस्तीत गेले होते. आत त्रिशरण-पंचशील चालू होते. बाहेर चुलीवर खीरदानाची खीर शिजत होती आणि ती ढवळणाऱ्या ताई बाहेरूनच पंचशील म्हणत होत्या. सकाळपासून डोके दुखतेय, असे त्या म्हणाल्या. त्यांना पाच मिनिटे खुर्चीवर शांत बसवून बीपी घेतले, तर 170 वर 110. थोड्या वेळाने पुन्हा घेतले, जवळपास तेवढेच.

गोळ्या सुरू होत्या, पण त्यांनी सहा महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. का, तर डोके दुखायचे थांबले होते. मग दवाखान्यात का गेल्या नाहीत? त्या हसून म्हणाल्या, “माले येळ कोठे शे ताई?”

खरेच होते ते. नळाला पाणी येईल त्या दिवशी पहाटेच उठायचे, चार घरची धुणीभांडी, दुपारी रेशनची रांग, संध्याकाळी स्वयंपाक, आणि पौर्णिमेला विहाराची खीर. जळगावात डाळमिलला जाणाऱ्या आणि रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या बायकांचा दिवसही असाच जातो. सगळ्यांसाठी वेळ आहे, फक्त स्वतःसाठी नाही.

मला इथे स्पष्ट बोलायचे आहे. मन शांत ठेवा, ध्यान करा, असे आपण विहारात सांगतो. पण ज्या बाईला बसायलाच मिळत नाही, तिने ध्यान कधी करायचे? शांती उरलेल्या वेळात मिळत नाही, कारण गरिबाच्या घरात वेळ उरतच नाही. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवावे लागते. आणि ते एकट्या बाईने ठरवून भागत नाही, घराने आणि विहाराने मिळून ठरवावे लागते.

माता रमाईंच्या त्यागावर आपण भाषणे करतो. पाच लेकरांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अर्धपोटी राहून त्यांनी संसार ओढला. 27 मे 1935 ला त्या गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे 37 होते. हे आठवले की डोळे भरून येतात. पण नर्स म्हणून मला वाटते, हा त्याग पुन्हा आपल्या बायकांकडून करून घेण्यासाठी आठवायचा नाही. रमाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता. आज सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी फुकट मिळते. तरीही आपल्या घरातली बाई अंगावर दुखणे काढत असेल, तर रमाईंकडून आपण काय शिकलो?

धम्मात याचे उत्तर आहे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करत होता. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडली तर? आपल्या बायकांची तार वर्षानुवर्षे ताणलेलीच आहे. मध्यम मार्ग त्यांच्यासाठीही आहे. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला शिकवले. मग बीपी तपासणे हे विहाराबाहेरचे काम कसे?

वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी लळिंगची आठवण करून देते. 1937 साल बाबासाहेबांसाठी किती धावपळीचे होते! स्वतंत्र मजूर पक्षाची बांधणी, मुंबईचे विधिमंडळ, शिवाय वकिली. त्याच वर्षी खटल्याच्या कामासाठी ते धुळ्याला आले आणि 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे जातो. पोरांना डोंगरावर नेतो, डबा खातो, घरी येतो. वर्षातला हा एक दिवस आपण सगळी कामे बाजूला ठेवून काढतोच. म्हणजे मनात आणले तर वेळ काढता येतो.

म्हणून माझे चार आग्रह आहेत.

पहिला, पौर्णिमेची खीर पुरुषांनी आणि तरुण पोरांनी करावी. बायकांनी आत पुढच्या रांगेत बसावे.

दुसरा, रोज दहा मिनिटे. दिवा-अगरबत्ती झाली की बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोसमोर बसायचे. पाठ ताठ, डोळे मिटलेले, येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मन पळाले तर परत आणायचे, स्वतःवर चिडायचे नाही. मग एकच प्रश्न विचारायचा : आज कोणते काम केलेच पाहिजे आणि कोणते राहिले तरी चालेल? तेवढा वेळ घरातल्यांनी हाक मारू नये.

तिसरा, श्वास हे गोळीचे काम करत नाही. आनापानाने मन आणि नाडी संथ होते, त्याचा फायदाच आहे. पण 170 बीपीला गोळीच लागते आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. डोके दुखत नाही म्हणजे बीपी उतरले, असे नसते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न घालवता 108 ला फोन करा.

चौथा, तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना सांगून पौर्णिमेला ती विहारातच ठेवा. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 हा मोफत सरकारी नंबर आहे. तिथे बोलण्यात लाज कसली?

त्या ताईंना त्या दिवशी आम्ही रिक्षाने दवाखान्यात नेले. खीर त्यांच्या धाकट्या दिराने ढवळली. थोडी खाली लागली, पण सगळ्यांनी खाल्ली. पुढच्या पौर्णिमेला ताई आत बसल्या होत्या. बीपी होते 138 वर 86. वंदना संपल्यावर मला म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळी वंदना बसून म्हटली.

तुमच्या विहारात येत्या पौर्णिमेला खीर कोण ढवळणार आहे, ते आजच ठरवा.

नमो बुद्धाय. जयभीम.