‘सर्व्हर डाऊन’ हे काही उत्तर नाही

दुकानात यूपीआय केलं, खात्यातून पैसे कटले, पण दुकानदाराचा स्पीकर बोललाच नाही. मग दोघांची हुज्जत. दोघंही खरं बोलत असतात, हीच तर गंमत! विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.’ मला हे पटत नाही.

तुमची बँक, त्याची बँक आणि मधली यंत्रणा, एवढ्या ठिकाणी नोंद जुळावी लागते. एकाने दुसऱ्याला निरोप पाठवला आणि उत्तर आलं नाही, तर निरोपच पोचला नाही की काम होऊन उत्तर वाटेत हरवलं, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. पुन्हा पाठवावं तर पैसे दोनदा जायची भीती, गप्प बसावं तर अडकतात. अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं लागतं.

ते ठरवण्याचं शास्त्र आहे. लेस्ली लॅम्पोर्ट (२०१३ चं ट्युरिंग पारितोषिक यांचंच) यांनी टीएलए प्लस नावाची भाषा तयार केली. तिच्यात यंत्रणेचे नियम गणितात मांडायचे. उदाहरणार्थ, ‘गेलेले पैसे एकतर जमा होतील किंवा परत येतील, मधेच लटकणार नाहीत.’ मग कुठलं मशीन कधी बंद पडलं, कुठला निरोप उशिरा आला, याच्या सगळ्या जुळण्या छोट्या नमुन्यावर संगणक तपासतो. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीमध्ये अशीच एक चूक सापडली. ती घडायला किमान ३५ पायऱ्या ठराविक क्रमाने व्हाव्या लागत, आणि नेहमीच्या टेस्टिंगमधून ती निसटली होती.

‘इतकं क्वचित घडतं, कशाला डोकं लावायचं?’ असं म्हणणारे भेटतात. यूपीआयवर महिन्याला हजार कोटींहून जास्त व्यवहार होतात. लाखात एक बिघडला तरी महिन्याला लाखभर हुज्जती झाल्या.

या पद्धतीने वीज जायची थांबत नाही की केबल तुटायची. वीज गेल्यावर हिशेब चुकणार नाही, एवढंच पाहता येतं. आणि नियमच चुकीचे लिहिले तर गणित तरी काय करणार?

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानदाराला पेमेंट पोचल्याचं कळलं नाही, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. चांगला आहे, पण तो झाल्यावरचा इलाज.

माझं म्हणणं एवढंच, की रेशन, पेन्शन, अनुदान यांच्या टेंडरात नुसता ‘अपटाइम किती टक्के’ विचारू नका. किती मशीन एकदम पडली तरी नोंद शाबूत राहील आणि ते कशावरून, हे कंपनीकडून लिहून घ्या, आणि तो कागद लोकांसमोर ठेवा. अंगठा लावला, नोंद झाली, पण धान्य मिळालं नाही, अशा म्हातारीने दुकानदाराशी भांडायचं की सर्व्हरशी?