बाहेर काढायची घाई पहिल्याच फेरीत का?

मर्डे, देऊळवाडा, बिळवस, मागवणे अशा आमच्या मसुऱ्याच्या परिसरात गणपतीत आणि मे महिन्यात कॅरमच्या स्पर्धा होतात. चाकरमानी गावी आलेला असतो, मंडपात दिवे लागतात, बक्षिसं कोणीतरी आनंदानं देतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आखणीबद्दल. प्रवेशिका बत्तीस झाल्या की आयोजक घड्याळाकडे बघतात आणि जाहीर करतात की पहिल्या दोन फेऱ्या तीन-तीन बोर्डांच्या, मग पूर्ण गेम, आणि अंतिम सामना तीन गेमचा. सगळं अर्थातच बाद पद्धतीनं. म्हणजे ज्या फेरीत सर्वांत जास्त माणसं घरी जाणार, तीच फेरी सर्वांत तोकडी.

नियमाप्रमाणे कॅरमची गेम 25 गुणांची किंवा आठ बोर्डांची, जे आधी होईल ते. एका बोर्डात फार तर 12 गुण मिळतात, नऊ सोंगट्यांचे नऊ आणि राणीचे तीन. तेव्हा 25 गाठायला कितीही तयारीचा खेळाडू असला तरी किमान तीन बोर्ड लागतातच. आणि आठ ही संख्या सम आहे, हे विसरून चालणार नाही. ब्रेक आळीपाळीनं मिळतो आणि ब्रेक करणाऱ्याच्या सोंगट्या पांढऱ्या. हात बसलेला खेळाडू त्याच पाळीत नऊच्या नऊ घालून, राणीही कव्हर करून व्हाइट स्लॅम करतो. समोरच्याचा स्ट्रायकर हातातच राहतो. आठ बोर्डांत ही संधी दोघांना चार-चार वेळा येते. तीन बोर्डांत एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदा. कोणाला दोनदा, ते नाणेफेक ठरवते. ‘जेचो ब्रेक, तेची गेम’ असं आपल्याकडे बोर्डाभोवती उभी असलेली माणसं हसत म्हणतात. तीन बोर्डांच्या फेरीत ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

बाद पद्धतीचे समर्थक गोव्याचं उदाहरण देतील. 2025 च्या नोव्हेंबरात शेजारच्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, 206 खेळाडूंचा, आणि तोही बाद पद्धतीनंच. खरं आहे. पण तिथं पहिल्या फेरीतही प्रत्येक जोडीला दोन पूर्ण लांबीचे डाव मिळाले, एक पांढऱ्यानं, एक काळ्यानं. बरोबरी झाली तर जलद डाव, तेही रंग बदलून. विश्वविजेता गुकेश तिसऱ्याच फेरीत हरला, पण पहिली चाल समोरच्याच्या वाट्याला जास्त आली असं त्याला म्हणता आलं नाही. बाद पद्धत घ्यायचीच तर ती तरी अशी घ्या.

मला विचाराल तर बत्तीस जणांच्या गावच्या स्पर्धेला ती मुळातच योग्य नाही. 31 सामन्यांत स्पर्धा उरकते हे तिचं मोठं आकर्षण. पण पोईपहून, आचऱ्याहून, कांदळगावहून आलेल्या निम्म्या खेळाडूंना एकच सामना मिळतो आणि चिठ्ठीत दोन चांगले खेळाडू समोरासमोर आले तर त्यातला एक दुपारच्या आत प्रेक्षक होतो.

गंमत म्हणजे याचं उत्तर मुंबईची पोरं सुट्टीत गावी घेऊन येतात त्या पत्त्यांच्या खेळांत आहे. पोकेमॉन घ्या किंवा 1993 साली निघालेला मॅजिक द गॅदरिंग. आपण त्यांना पोरखेळ समजतो, पण त्यांच्या स्पर्धांची आखणी आपल्यापेक्षा कितीतरी विचारपूर्वक केलेली आहे. तिथं फेरी मिनिटांत मोजतात. तीन डावांच्या सामन्याला साधारण 50 मिनिटं. वेळ संपली की ठरावीक पाळ्या खेळून निकाल. आणि हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही. 1895 मध्ये झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत वापरलेली स्विस पद्धत तिथं चालते. प्रत्येक फेरीत सारखे विजय असलेल्यांची गाठ पडते आणि शेवटी फक्त वरचे मोजके खेळाडू बाद फेरीत जातात.

हे कॅरमला लावून पाहू. बत्तीस खेळाडूंना पाच फेऱ्या पुरतात. पाचही जिंकणारा एकच उरतो, चार जिंकणारे पाच. सामने मात्र 31 ऐवजी 80 होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाड्यावाड्यांतून आठ बोर्ड जमवणं मसुऱ्याला जड नाही. आठ बोर्डांवर एक फेरी दोन पाळ्यांत होईल. 30 मिनिटांनी घंटा, चालू बोर्ड पुरा करायचा आणि बोर्डांची संख्या विषम असेल तर आणखी एक, म्हणजे ब्रेक सारखे होतील. 25 गुण आधीच झाले तर प्रश्नच नाही. गुण सारखे राहिले तर निकालासाठी एक जादा बोर्ड. पाळीला 40 मिनिटं धरली तर पाच फेऱ्यांना सहा तास चाळीस मिनिटं. सकाळी आठला सुरुवात केली आणि जेवणाला तास सोडला तरी चारच्या आत या फेऱ्या संपतात. मग पहिल्या चौघांचे उपांत्य आणि अंतिम सामने तीन-तीन गेमचे, सावकाश, सगळ्या गावासमोर. हल्ली अंतिम सामना रात्री दोनला मोजक्या झोपाळू माणसांपुढे होतो, त्यापेक्षा हे बरं.

दोन अडचणी राहतात. घड्याळ लावलं की पुढे असलेला खेळाडू पावडर पुसत, खुर्ची सरकवत वेळ काढणार. पत्त्यांच्या खेळातही हे होतं आणि तिथले पंच त्याला शिक्षा करतात. कॅरममध्ये 15 सेकंदांत स्ट्रोक मारण्याचा नियम आहेच. पंचानं तो पाळायला लावला की झालं. नात्यातला पंच असेल तर जमणार नाही, तेव्हा पंच दुसऱ्या वाडीचा हवा. दुसरी अडचण, चार विजय मिळवलेल्या पाच जणांतून तिघे निवडण्याची. ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय जास्त तो वर, हा हिशेब पाटीवर खडूनं मांडता येतो आणि सर्वांना दिसतो.

येत्या गणपतीत एखाद्या मंडळानं हे करून पाहावं. जोड्या लावायच्या कामाला मी दिवसभर बसायला तयार आहे. आठवा बोर्ड कमी पडला तर आमच्या घरचा आहे, मात्र त्याच्या एका पॉकेटची जाळी आधी बदलावी लागेल.

आपला,
एक कॅरमप्रेमी वाचक
मसुरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग