मातीत उमटणारा आपला हात

निवृत्तीनंतर मातीची शिल्पे घडवायला शिकणाऱ्या ज्येष्ठांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : ‘हात पूर्वीसारखे चालत नाहीत, आमच्या कामाला स्वतःची शैली कुठून येणार?’ वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर उत्तर नेमके उलट आहे. सांध्यांची ताठरता, बोटांचा कंप, सैलावलेली पकड यांमुळे प्रत्येक हाताचा दाब आणि वळण निराळे होते. ओली माती ते जसेच्या तसे टिपून घेते. हे वेगळेपण पुसून न टाकता कामात मुरू देणे, हीच शैलीची सुरुवात होय.

अमेरिकेतील बिअट्रिस वुड यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८९३ चा. हॉलंडमध्ये जे. कृष्णमूर्तींच्या व्याख्यानांना गेल्या असताना त्यांनी चमकदार झिलईच्या बश्या विकत घेतल्या. त्यांना जोडीची चहाची किटली मिळेना, म्हणून ती आपणच घडवावी असे त्यांनी ठरविले आणि १९३३ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मातीकामाच्या वर्गात नाव घातले. आपले हात उपजत कसबी नव्हते, फार कष्ट करावे लागले, असे त्या स्वतःच सांगत. त्यांच्या खट्याळ, लहान मुलाने घडवाव्यात तशा मानवाकृतींत प्रमाणबद्धतेचा आग्रह नाही. म्हणूनच त्या चटकन ओळखू येतात. शंभरी ओलांडल्यावरही त्या काम करीत होत्या. १९९८ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपणही एक साधा उपाय करून पाहावा. एकच विषय निवडावा : चिमणी, बसलेली बाई किंवा आपल्याच आजीचा चेहरा. तोच विषय दहा वेळा घडवावा आणि प्रत्येक कामाखाली काडीने तारीख कोरावी. दहाही कामे ओळीने मांडली की काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील : मान एकीकडे झुकलेली, कान मोठे, पाठीवर अंगठ्याचे खोल ठसे. आपण ठरवून न आणताही जे पुन्हा पुन्हा आले, ते आपले. अकराव्या कामात तेच जाणीवपूर्वक वाढवावे. सरावासाठी शाडू पुरेसा आहे. वाळलेला शाडू पाण्यात भिजवून पुन्हा वापरता येतो. भट्टीत भाजायची आकृती मात्र आतून पोकळ करावी आणि सावकाश, पूर्ण वाळवावी. जाड, ओलसर माती भट्टीत फुटते.

आता काळजीवाहकांसाठी. वडिलांनी घडविलेला घोडा वाकडा दिसला की तो सरळ करण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. ज्यांची अंघोळ, औषधे, जेवणाची वेळ दुसरेच ठरवतात, त्यांच्या हाती दिवसातला एखादाच निर्णय उरलेला असतो. घोड्याची मान कुठे वळवायची, हा निर्णय तरी त्यांचाच राहू द्यावा. माती मळून देणे, पाटा घट्ट धरणे, पाणी बदलणे एवढीच आपली मदत. स्मृतिभ्रंश असल्यास माती तोंडात जाणार नाही, याकडे लक्ष असावे.

थोडे पथ्य आवश्यक आहे. माती मऊसर, पाणी कोमट असावे. कोपर व मनगट टेबलावर टेकवून काम करावे. त्याने कंपही आटोक्यात राहतो. वीस मिनिटांनी थांबून बोटे सैल करावीत. काम संपल्यावर दोन तासांहून अधिक काळ दुखत राहिले, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करावा. सांधे सुजलेले आणि गरम असतील त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. दमेकऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावे. मधुमेह असलेल्यांनी हात धुऊन, कोरडे करून, खोबरेल लावावे आणि भेगा व जखमा तपासाव्यात. झिलईच्या काही मिश्रणांत शिसे असते. ते काम शिक्षकांवर सोपवावे.

हात थरथरतो म्हणून माती दूर सारू नये. त्याच हाताने आज एक चिमणी घडवावी, तिच्याखाली तारीख कोरावी आणि ती मोडू नये. उरलेल्या नऊ चिमण्या हळूहळू होतील.