प्लॉटवर बाई पोलीस येते, मग ठाण्यात का नसते?

जंगलखात्याची माणसं प्लॉटवर रोपांचे खड्डे खणायला येतात, तेव्हा सोबत बाई पोलीस आणतात. आपल्या बाया खड्ड्यात बसतात. त्यांना उचलायला बायाच लागतात, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. पण आपलीच एखादी बाई अत्याचाराची तक्रार घेऊन ठाण्यात गेली की ऐकावं लागतं, "बाई पोलीस नाही, उद्या या." उचलायला बाई मिळते, ऐकायला मिळत नाही. हे आम्हाला मान्य नाही.

१९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसानेच बलात्कार केला. घरची माणसं ठाण्याबाहेर उभी होती. हायकोर्टाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघा पोलिसांना सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही! देशभरातल्या बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ ला कायदा बदलला. आता पोलिसाच्या ताब्यातली बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. हा कायदा एका आदिवासी पोरीच्या दुःखातून आला आहे, हे विसरायचं नाही.

नुसती खाकीतली बाई आली म्हणजे न्याय आला, असंही आम्ही मानत नाही. तीही साहेबाचा हुकूम ऐकते. पण रात्री ठाण्यात एकही बाई नसणं आणि तक्रार लिहून घ्यायला एक बाई असणं, यात फरक आहे. ती आपली बोली जाणणारी असेल तर फरक आणखी मोठा. म्हणून आमची मागणी: तालुक्याच्या ठाण्यात रात्रंदिवस बाई पोलीस हवी, आणि भरतीत आपल्या पोरींना जागा हवी.

तोवर कायद्याने जे आपलं आहे ते सोडायचं नाही. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसाने तिच्या घरी यायचं. तक्रार वाचून दाखवायची आणि नक्कल फुकट द्यायची. ठाणेदाराने घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला पोस्टाने पाठवायची. अत्याचार करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो. मग तपास डीवायएसपीनेच करायचा. १९९५ च्या नियमांत लिहिलंय की चौकशीला, कोर्टाला जाण्याचं एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची शेतमजुरीएवढी रक्कम मिळते. बाईला आपल्या पसंतीचं एक माणूस सोबत नेता येतं, त्याचाही खर्च सरकारचा. हे पैसे आपण मागतच नाही, म्हणून बाई दुसऱ्या तारखेला जात नाही आणि केस तिथंच मरते.

आणि एक गोष्ट आपल्या पाड्यांसाठी. पंच बसतात, दंड ठरतो, दंडाची दारू होते. बाईच्या हाती काय? अशा गुन्ह्याची तडजोड पंचांनी करायची नाही. बाई ठाण्यात निघाली तर पाड्यातल्या चार बायांनी सोबत निघायचं. प्लॉट वाचवायला अख्खं गाव जमतं. बाईसाठीही जमलं पाहिजे. जमीन आपली, तशी तीही आपलीच.

जिंदाबाद!