‘पिक अँड रोल’चा बचाव : एनबीएची नक्कल नको

नाशिक : एनबीएचा भारतातील पहिला हंगामपूर्व सामना ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत रंगला. त्या लीगमधील ‘पिक अँड रोल’विरुद्धचे डावपेच जसेच्या तसे उचलणे मात्र नाशिकच्या संघांना परवडणारे नाही.

या चालीत उंच खेळाडू चेंडूवाल्या सहकाऱ्याच्या रक्षकाला अडवितो आणि लगेच बास्केटकडे वळतो. एनबीएत कोणालाही न रोखता बास्केटखाली तीन सेकंदांहून अधिक रेंगाळणारा बचावपटू दोषी ठरतो. राष्ट्रीय स्पर्धांना लागू असलेल्या ‘फिबा’ नियमांत असे बंधन नाही. साहजिकच उंच बचावपटूने मागे थांबणे येथे अधिक सोयीचे. अर्थात, तीन गुणांची रेषा ७.२४ ऐवजी ६.७५ मीटरवर असल्याने चेंडूवाल्याची पाठ सोडून चालत नाही. बचावपटूंची अदलाबदल सोपी खरी. पण मग बास्केटजवळ उंच खेळाडूसमोर बुटका गार्ड उरतो.