मोजणी नको, कृती द्या

नारायणगावाहून खोडदकडे निघालात की शेतांच्या पलीकडे जाळीदार, प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. एकूण तबकड्या ३०. त्यांपैकी १४ खोडदजवळ दाटीने, तर १६ तीन बाहूंवर जुन्नर-आंबेगावच्या मुलखात दूरवर पसरलेल्या. अशा संचाला इंग्रजीत 'ॲरे' म्हणतात. संगणकाच्या भाषेत आकड्यांच्या यादीलाही ॲरेच म्हणतात, आणि हे नामसाम्य माझ्या मते फार उपयोगी आहे.

ही दुर्बीण काय करते? प्रत्येक तबकडीच्या संकेतावर एकच क्रिया होते: त्यातील निरनिराळ्या कंप्रता वेगळ्या केल्या जातात. मग दोन-दोन तबकड्यांच्या संकेतांचा गुणाकार होतो, आणि हे गुणाकार काही काळ बेरीज करून साठवले जातात. माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ गोंगाटाने बिघडलेली निरीक्षणे वगळावी लागतात. तीसही संकेतांना तीच क्रिया लावायची, नकोसे गाळायचे, उरलेले एकत्र करायचे! जावास्क्रिप्ट भाषेत या तीन कामांना मॅप, फिल्टर आणि रिड्यूस म्हणतात. (दुर्बिणीची गणना जावास्क्रिप्टमध्ये होते असे मात्र समजू नका, साम्य विचारातले आहे.) २००९ च्या प्रमाणात ही तिन्ही फले त्या भाषेत समाविष्ट झाली. त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांना आकड्यांबरोबर दुसरे फलही देता येते. 'काय करायचे' ते तुम्ही सांगता. यादीवरून फिरण्याचे काम त्यांचे.

समजा, आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये १२, ०, ४०, ८, ०, २५, ५ असा आहे. १० किंवा त्याहून अधिक तेवढे गाळून घ्या: १२, ४०, २५. प्रत्येकाला १० ने भागा: १.२, ४, २.५. शून्यापासून आरंभ करून बेरीज करा: ७.७ सेंटिमीटर.

आपल्याकडे मात्र पहिला धडा मोजणीच्या फेऱ्यांचा असतो: 'आय बरोबर शून्य, आयमध्ये एक मिळवा'. दहा आकड्यांच्या यादीत शेवटचा क्रमांक ९ असतो. 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा बरोबर' लिहिले की नसलेला अकरावा आकडा बेरजेत येतो आणि उत्तर मिळते 'आकडा नव्हे'. मुलाचे गणित बरोबर असते; चुकते ती मोजदाद. हुशार मुलेही येथेच कंटाळतात. म्हणून शिक्षकांनी आधी मॅप, फिल्टर, रिड्यूस शिकवावेत आणि फेऱ्या नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. फेऱ्या अजिबात नकोत असे नव्हे. मध्येच थांबायचे असेल तर त्या सोयीच्या पडतात.

शिवाय एक गोष्ट फेऱ्या झाकून ठेवतात. मॅपमध्ये प्रत्येक घटकाचे काम स्वतंत्र असेल, तर ते तीस यंत्रांना एकाच वेळी वाटून देता येते. (जावास्क्रिप्टचा मॅप स्वतः मात्र एकेक घटक क्रमानेच घेतो.) रिड्यूसमध्ये सावध राहा. बेरजेचे गट कसेही पाडा, उत्तर तेच. पण वजाबाकीत (१० − ३) − २ म्हणजे ५, आणि १० − (३ − २) म्हणजे ९!

आता खोडदच्या तबकड्यांच्या जोड्या करून पाहा. मॅप ३० घेऊन ३०च देतो, म्हणून मॅपच्या आत मॅप लावावा लागेल. ९०० जोड्या मिळतील. एकाच पातळ यादीत आणून त्यांतून पहिला क्रमांक दुसऱ्यापेक्षा लहान असलेल्या तेवढ्याच गाळून घ्या. ४३५ उरतील.