टॅब घ्यायच्या आधी

"मॅडम, कोणता टॅब घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारी मुलं माझ्या वर्गातून केव्हाच बाहेर पडलेली असतात. कुणी एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात हिशेब लिहितो, कुणी डी.एड. करते, कुणी मोबाइलच्या दुकानात बसतो. रात्री जेवणं झाली की चित्रं काढतात, चार चौकटींची गोष्ट करून इन्स्टाग्रामवर टाकतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, चित्रकला नाही. पण वहीच्या मागच्या पानावर कोण काय काढतंय हे भाषेच्या शिक्षकालाच आधी कळतं. म्हणून बहुधा ती माझ्याकडे येतात.

टॅबचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तो विषय संपेल. हातात अँड्रॉइड फोन असेल तर आयबिस पेंट घ्या, फुकट आहे. जाहिराती येतात, त्या सहन करा. घरात बरा चालणारा लॅपटॉप असेल तर क्रिता घ्या. तेही फुकट, आणि स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, हे मला बाई म्हणून फार आवडलं. लॅपटॉपला जोडायची बिनपडद्याची पाटी ह्युऑन, एक्सपी-पेन, वॅकॉम यांपैकी कुणाचीही चालेल. लहान आकाराची काही हजारांत मिळते. तिच्या पेनाला दाब कळतो. हलक्या हाताने बारीक रेघ येते, जोर दिला की जाड. रबरी टोकाच्या स्वस्त पेनाला हे कळत नाही, तो फक्त बोटाचं काम करतो. खोक्यावरच्या ८१९२ दाबपातळ्या वाचून हरखून जाऊ नका, आपल्या हाताला त्यातल्या मोजक्याच येतात. प्रोक्रिएट चांगलं आहे म्हणतात, पण ते ॲपलच्याच उपकरणांवर चालतं, आणि आयपॅड व त्याच्या पेनाच्या पैशात आमच्याकडे जुनी स्कूटी येते.

आता जे मला खरं बोलायचंय ते. ही मुलं मला त्यांची कॉमिक्स दाखवतात. त्यात मुसलमान कसा असतो? जाळीची टोपी, मिशी नसलेली दाढी, चौकडीची लुंगी. बाई असेल तर काळा त्रिकोण आणि त्यात दोन डोळे. हा साचा आम्ही वर्षानुवर्षं इतरांच्या व्यंगचित्रांत पाहत आलो. प्रत्येक वेळी काढणाऱ्याच्या मनात द्वेष असतो असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा नुसती घाई असते. पण आता आमचीच मुलं तोच साचा काढतात. घरात रोज जिच्या हातचं खातात ती अम्मी कागदावर येत नाही, त्रिकोणच येतो. आणि त्यांच्या कॉमिकमधला हिंदू म्हणजे टिळा आणि सुटलेलं पोट, शिक्षिका म्हणजे चष्मा आणि छडी. (मला चष्मा आहे. छडी नाही.)

डिजिटल साधनाने ही घाई आणखी सोपी केली. बाहेरची रेघ बंद केली, रंग ओतायच्या बादलीवर बोट ठेवलं, की बुरखा तयार. कागदावर तेवढा काळा रंग भरायला दहा मिनिटं लागली असती, आणि त्या दहा मिनिटांत कदाचित प्रश्न पडला असता की हा एवढा सपाट असतो का? कापडाला चुण्या असतात. बाहीवर नक्षी किंवा खडे असतात. स्कूटीवर बसताना घेर आवरून मांडीखाली दाबलेला असतो. खाली कुणाची बाटाची चप्पल, कुणाचे बूट. एका हातात मोसंबीची पिशवी, दुसऱ्याने लेकराची मूठ धरलेली. जालन्याच्या बसस्थानकावर दहा बायका बुरख्यात उभ्या असतील तर दहांच्या उभं राहण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि त्यांच्या मुलांना ती पाठीमागूनही ओळखता येते. कॉमिकला तीच तऱ्हा हवी असते.

ती मिळते वहीतून. रोज पंधरा मिनिटं, साधी फुलस्केप वही, बॉलपेन, खोडरबर नाही. खोडरबर नको म्हणते त्याचं कारण 'अनडू'. ॲपमध्ये दोन बोटं टेकवली की रेघ गायब होते, म्हणून मुलं एकच नाक चाळीसदा काढतात आणि तासाभराने त्यांच्याकडे एक नाक असतं. वहीत तेवढ्या वेळात चाळीस नाकं झाली असती, चाळीस माणसांची. ॲपमधला स्टॅबिलायझर थरथरती रेघ गुळगुळीत करून देतो. शेवटची शाई भरताना तो जरूर वापरा. पण शिकताना बंद ठेवा, नाही तर सगळ्यांच्या रेघा सारख्याच दिसायला लागतात.

उर्दू लिहिणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. कातिब आधी मश्क करायचे. बोरूच्या टोकाने उमटणारा ठिपका हे माप, त्या ठिपक्यांत मोजून एकेक अक्षर, आणि मग जोडाक्षरं. तख्ती भरायची, धुवायची, पुन्हा भरायची. १९९४ मध्ये इनपेज आलं आणि उर्दू वर्तमानपत्रांतली कातिबांची कामं हळूहळू गेली. इनपेजशिवाय आज माझंही पान हलत नाही. पण ज्यांनी मश्क केली आहे त्यांचं संगणकावरचं पानही वेगळं ओळखू येतं.

अनोळखी माणसाकडे टक लावून चित्र काढणं, त्यातही बाईचं, आपल्या गावात बरं दिसत नाही, आणि लपून फोटो काढणं तर मुळीच नाही. त्यावर उपाय आपल्या शाळेतच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. बसथांबा, पाणवठा, भाजीबाजार असं काहीतरी आठवून काढायचं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी हजारो मुलं ते करतात आणि गुण पदरात पडले की सोडून देतात. माझ्या मते वेबकॉमिक काढणाऱ्याला याहून उपयोगी दुसरा अभ्यास नाही. एखाद्याकडे सहज नजर जाते तेवढंच बघा, पुढे जा, बसमध्ये जागा मिळाली की आठवून काढा. जे आठवणार नाही ते उद्या नीट बघाल.

(आमच्या काही घरांत सजीवांची चित्रं काढण्याबद्दलच वेगळं मत असतं. तो मोठा विषय आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथे मी जी मुलं काढतातच त्यांच्याशी बोलतेय.)

नोकरी करून हे जमत नाही, असं कुणी म्हणालं की मी वसंत सरवट्यांचं नाव घेते. ते व्यवसायाने अभियंता. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी मराठी दिवाळी अंक आणि पुलंची पुस्तकं चित्रांनी भरली, आणि त्यांचा मध्यमवर्गीय माणूस कुठल्या गल्लीत राहतो हे बघताक्षणी कळतं. आर. के. लक्ष्मण जन्मभर कावळे काढत राहिले, आणि कावळा काही मोबदला देत नाही. वेबकॉमिकच हवं असेल तर नागपूरचे रोहन चक्रवर्ती आहेत. शिकले दंतवैद्यक, काढतात प्राणी-पक्षी. त्यांचं 'ग्रीन ह्यूमर' बघा, दोन जातींचे पक्षी एकमेकांसारखे उभे राहत नाहीत. उलट टोकाला अमेरिकेतलं 'एक्सकेसीडी'. २००५ पासून काडीची माणसं, चेहराच नाही, तरी जगभर वाचतात, कारण बोलणं अचूक असतं. बोलणंही ऐकूनच वहीत येतं.

आता काही जण एआयकडून चित्र काढून घेतात. 'मुस्लिम कुटुंब जेवताना' असं लिहून एकाने मला आलेलं चित्र दाखवलं. टोपी, दाढी, झुंबर आणि अख्खा भाजलेला बकरा. त्याच्या घरी त्या रात्री बेसन आणि ज्वारीची भाकरी होती. त्याला म्हटलं, बेसनाचं काढ.

दोन्ही भाषांत कॉमिक टाकणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती मला कुठे लिहिलेली सापडली नाही. मराठी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. आधी बोलणारं माणूस मराठीत डावीकडे लागतं, उर्दूत उजवीकडे. त्यामुळे चौकटी आडव्या न लावता कोरियन वेबटूनसारख्या एकाखाली एक लावा आणि शक्यतो एका चौकटीत एकच जण बोलू द्या. फुग्यात देवनागरीसाठी दोन ओळींत जास्त जागा सोडा, वर वेलांट्या आणि खाली उकार भिडतात. मजकुराचा थर चित्राच्या थरापासून वेगळा ठेवा, म्हणजे भाषा बदलता येते. काही जण सोपा मार्ग म्हणून उर्दूसाठी अख्खं चित्रच आरशासारखं उलटं करतात. तसं केलंत आणि चित्रात दस्तरखान असेल, तर टाकण्याआधी एकदा हात बघून घ्या. उलट्या चित्रात सगळं घर डाव्या हाताने जेवत असतं, आणि तुमच्या नानीला पहिल्यांदा तेच दिसेल.